शिगेचं माप

कर्नल फाउस्तिनो जगावा म्हणून अख्ख्या सेर्ताओत, आमच्या या कोरड्या मुलखात, कुणी मनापासून प्रार्थना करत असेल, तर ती एकटी ओतिलिया. त्याच्या पोटच्या पोरीनेही एवढे नवस बोलले नसतील. दर रविवारी मिसा संपली की ती संत फ्रान्सिसच्या पायाशी मेणबत्ती लावायची आणि पुटपुटायची, "बाबा, म्हाताऱ्याला सांभाळ. कान गेले तरी चालतील, गुडघे गेले तरी चालतील, पण डोळे तेवढे शाबूत ठेव." पाद्रीबाबा दुरून बघायचे आणि त्यांना वाटायचं, काय हे मोठं मन! बापाचा अपमान करणाऱ्या माणसासाठी बाई गुडघे टेकते. पाद्रीबाबा समुद्राकडचे. आमची माणसं कळायला त्यांना अजून अवकाश होता.

कर्नल छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला तेव्हा ओतिलियाने स्वतःचा ट्रक पाठवून राजधानीतून डॉक्टर आणवला. दर शुक्रवारी संध्याकाळी तिच्या घरून गावरान कोंबडीच्या रश्शाचं भांडं सेर्रा कालादाला त्याच्या वाड्यावर जायचं. तोमाझिया नावाची घरातली जुनी बाई ते मांडीवर धरून ट्रकमध्ये बसायची.

"माझ्या पायाला गळू झालं तेव्हा मला साधी पेज मिळाली नव्हती," किंकास म्हणाला. किंकास म्हणजे ओतिलियाचा नवरा. पूर्वी खेचरांचे तांडे हाकायचा. स्वभावही खेचरासारखाच, ओझं वाहील पण कान हलवल्याशिवाय नाही.

"तू मेलास तर मी रडेन," ओतिलिया म्हणाली. "तो मेला तर मी करू काय?"

आता हे वैर कुठलं, ते सांगायला पाहिजे.

ओतिलियाचा बाप बेल्मिरो सेर्रा कालादाच्या शनिवारच्या बाजारात कसाव्याचं भाजलेलं पीठ विकायचा. आमच्याकडे त्या पिठाशिवाय घास उतरत नाही, आणि ते मोजायचं सुक्या भोपळ्याच्या मापाने. बेल्मिरो माप भरायचा, वर शीग चढवायचा आणि ती शीग तळहाताने गिऱ्हाइकाच्या पिशवीत लोटायचा. "माप गिऱ्हाइकाचं, शीग देवाची," असं म्हणायचा. साहजिकच त्याच्यापुढे रांग लागायची, आणि चौकातल्या कर्नलच्या पिठाच्या दुकानात माशा बसायच्या.

कर्नल म्हणजे फौजेतला नव्हे हो. फौज त्याने सणाच्या मिरवणुकीतच पाहिली असेल. पण गाव त्याचं, फौजदार त्याचा, न्यायाधीश त्याच्या ओसरीत पत्ते खेळायचा. त्याच्या दुकानात दोन मापं असायची. शेतकऱ्याकडून पीठ घ्यायचं ते मोठं, गिऱ्हाइकाला द्यायचं ते लहान. मापात पाप म्हणतात ते त्याच्या दारात उजळ माथ्याने नांदत होतं आणि गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ते ठाऊक होतं.

एका शनिवारी कर्नल दोन गडी घेऊन बाजारात उतरला. गड्याच्या हातात शेतकऱ्याकडून घ्यायचं ते मोठं माप. "हे नगरपालिकेचं माप आहे," कर्नल म्हणाला आणि बेल्मिरोचं भरलेलं माप त्यात ओतायला लावलं. वर तीन बोटं जागा रिकामी राहिली. "बघा," कर्नल म्हणाला, "गरिबाच्या तोंडचा घास खाणारा चोर बघून घ्या." मग त्याने बेल्मिरोचं माप जमिनीवर ठेवून टाचेखाली फोडलं. एक अर्धुक सुतळीत ओवून बेल्मिरोच्या गळ्यात बांधलं, पुढे ढोलवाला दिला आणि त्याला अख्ख्या बाजारातून फिरवलं.

ओतिलिया तेव्हा बारा वर्षांची. तिने दुसरं अर्धुक उचललं, फ्रॉकच्या ओच्यात धरलं आणि बापाच्या मागून चालू लागली. ज्यांनी त्याच सकाळी शिगेचं पीठ नेलं होतं, त्या बायका बाजूला सरून वाट देत होत्या. फिरता फिरता वाड्याखाली आल्यावर तिने वर पाहिलं. कर्नलची मुलगी मारियेता सज्जात उभी होती. आदल्याच वर्षी संत जॉनच्या सणाला त्या दोघींनी हातात हात घालून होळीचा जाळ तीनदा ओलांडला होता. आमच्याकडे असा जाळ ओलांडला की त्या जन्माच्या कोमाद्रे झाल्या, रक्ताच्या बहिणीहून वरच्या. कोमाद्रेने समोर उभं राहून जाळाच्या नावाने काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. म्हटलं, तर मेल्यावर जिवाची ठिणगी होते आणि माळावर भटकत राहते. ओतिलियाने वर पाहिलं. मारियेताने खाली पाहिलं. आणि मारियेताने सज्जाचं दार लावून घेतलं.

बेल्मिरोने बिऱ्हाड उचललं आणि डोंगरापलीकडे उंबुरानाला आला. उंबुराना तेव्हा पाच-पंचवीस घरांची वस्ती, सेर्रा कालादाच्या शेपटाला बांधलेली. पीठ विकणं त्याने सोडलंच. जेवतानाही पिठाच्या भांड्यातून चिमटीने घ्यायचा, कुणी मोजत असल्यासारखं. "बाबा, मूठभर घे ना," ओतिलिया म्हणायची. तो हसायचा आणि चिमटीनेच घ्यायचा. तसाच एके दिवशी तो गेला. त्या मरणाचा राग ओतिलियाने कुठे ओतला नाही. भोपळ्याची दोन्ही अर्धुकं चांभाराच्या मेणदोऱ्याने शिवली, माप देव्हाऱ्यात संतांच्या शेजारी ठेवलं आणि शपथ घेतली, की त्या चौकात गवत उगवेल आणि ते फाउस्तिनो आपल्या डोळ्यांनी बघेल.

मग बाई कामाला लागली. आधी गाढवावर सुया, दोरे, फिती घालून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. मग दुकान टाकलं. रॉकेल, कापड, दोरखंड, गुळाच्या ढेपा, खारवलेलं मांस. पीठ द्यायचं ते शिगेने. कुणाचं पोर आजारी, कुणाची सून अडलेली, ओतिलिया हजर. बारसं असलं की धर्ममाय तीच. होता होता अशी वेळ आली, की उंबुरानाच्या रस्त्याने ती चालू लागली की दोन्ही बाजूंनी आवाज यायचा, "आशीर्वाद, धर्ममाय." ती आशीर्वाद द्यायची आणि मनात धरायची, हा पोरगा मोठा झाला की एक मत.

ज्या वर्षी ब्राझीलने पहिल्यांदा फुटबॉलचा विश्वचषक आणला, त्याच वर्षी ती राज्याच्या विधानसभेला उभी राहिली. कर्नलच्या माणसाने भर सभेत टोमणा मारला, "बाईने चूल सांभाळावी."

"चुलीपाशीच असते म्हणून तर सांगते," ओतिलिया ट्रकवरून म्हणाली, "तुमच्या घरात काय करपतंय त्याचा वास इथवर येतो." लोक पोट धरून हसले आणि निवडणूक तिथेच संपली.

राजधानीत तिला कुणी विचारलं नाही, असं काही दिवस गेले. पांढऱ्या सुटातले आमदार तिला ‘पीठवाली’ म्हणायचे. ती ऐकून घ्यायची. त्यांच्या बायकांकडे कोरड्या चिजाच्या चकत्या आणि हाताने विणलेली लेस घेऊन जायची, गुडघेदुखीवर तेल सांगायची. बारा गावचं पाणी प्यायलेली बाई ती. एके दिवशी उंबुरानाला स्वतंत्र नगरपालिका देणारा ठराव आला, तेव्हा पांढऱ्या सुटांचे हात आपसूक वर गेले. घरून हुकूमच होता ना.

नगराध्यक्ष झाला किंकास. पहिल्याच बैठकीआधी ओतिलिया त्याला म्हणाली, "बाजार भरवायचा. शनिवारी."

"शनिवारी सेर्रा कालादाचा असतो."

"माहीत आहे."

"इथे ट्रकचा रस्ता, इथे कर निम्मा. एकाच दिवशी दोन बाजार भरले तर त्यांच्याकडे कुत्रं फिरकणार नाही."

"गवत फिरकेल," ओतिलिया म्हणाली.

आणि झालंही तसंच. आधी बकऱ्यांचे व्यापारी इकडे वळले, मग दोरवाले, मग मातीची भांडी. शुक्रवारी रस्सा पोचवून तोमाझिया वाड्यावर मुक्काम करायची आणि शनिवारी परतली की ओतिलिया तिला हातपाय धुऊ द्यायची नाही.

"आज कोण होतं चौकात?"

"तंबाखूवाला होता. तोही म्हणत होता, पुढच्या वेळेपासून उंबुरानाला येतो."

"आणि तो?"

"गच्चीत बसला होता. बघत होता."

"फरशीत काही दिसलं?"

"फटींमधून हिरवं दिसतंय, दोना ओतिलिया."

त्या दिवशी ओतिलिया दोन वेळचं एकदम जेवली. आणि का जेवू नये? सुडाचं अन्न शिळं झालं तरी गोड लागतं. सोसलं नाही त्याने क्षमेच्या गोष्टी सांगू नयेत.

कर्नलने वकील पाठवला, न्यायाधीश पाठवला. ओतिलियाने त्यांना कॉफी पाजली, मक्याचा केक खाऊ घातला आणि हात हलवत परत धाडलं. भीती तिला एकाच माणसाची होती. मारियेताची. इतकी वर्षं ती मारियेताच्या तोंडासमोर आलेली नव्हती. सेर्रा कालादाच्या चर्चमध्ये कुणाच्या मयताला जायचं झालं तर बाजूच्या दाराने निसटायची. राजधानीत एकदा कापडाच्या दुकानात मारियेता दिसली, तर एवढी मोठी आमदारबाई गाठोड्यांमागे वाकून बसली. कायद्याला फाटे फोडता येतात, जाळाला येत नाहीत.

पण नगराध्यक्षाच्या घरची होळी आमदारबाईनेच पेटवायची असते. संत जॉनच्या सणाच्या संध्याकाळी उंबुरानाच्या चौकात लाकडं रचली होती, अकॉर्डियन वाजत होतं, पोरीबाळी निखाऱ्यावर कणसं भाजत होत्या. ओतिलियाने चूड लावली, जाळ धडाडला, आणि पलीकडून एक काळ्या शालीतली बाई जाळाला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोमाद्रे ओतिलिया," मारियेता म्हणाली. "तुझी पाठ पाहून पाहून पाठ झाली मला. तोंड आज बघतेय. जाड झालीस."

"तू वाळलीस."

"बाजार गेला की माणूस वाळतं."

"इथे काही मागू नकोस," ओतिलिया हळू आवाजात म्हणाली.

"इथेच मागायचं असतं." मारियेताने हात जाळाकडे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "जाळाच्या नावाने मागते, कोमाद्रे. आमचा शनिवार आम्हाला परत दे."

अकॉर्डियन थांबलं. भोवती सगळी धर्माची लेकरं उभी होती, हातात कणसं धरून, धर्ममायच्या तोंडाकडे बघत. बाईचं सगळं राज्य अशाच नात्यांवर उभं होतं. जाळाचं नातं तिने मोडलं असतं तर बारशाचं कोण पाळणार होतं? ओतिलियाच्या मस्तकात अशी तिडीक गेली की मारियेताच्या थोबाडीत द्यावी. पण हाडाची व्यापारी ती. घेणं अडलं की देणं सुरू करते.

"दिला," ती म्हणाली. "उंबुरानाचा बाजार शनिवारी भरणार नाही. आता मी मागते. जाळाच्या नावाने."

मारियेताचा चेहरा उतरला. ही बाजू तिच्या ध्यानातच आली नव्हती.

"येत्या शनिवारी तुझ्या बापाला चौकात घेऊन ये. दोन्ही मापं आण. मी माझ्या बाबाचं आणते. सगळ्या गावासमोर मोजायचं, आणि काय दिसतं ते त्याने तोंडाने सांगायचं. एवढं झालं की माझं तुमच्याकडे काही राहिलं नाही."

"थकलाय गं तो. मरेल."

"नाही मरत. माझा रस्सा पितो."

मारियेताने मान डोलावली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी दार लावलं, कारण मला बघवेना."

"मला तर त्याच्या मागून चालावं लागलं," ओतिलिया म्हणाली.

शनिवारी ओतिलिया सेर्रा कालादाच्या चौकात उतरली. फरशीच्या फटींतून घोट्याएवढं गवत होतं, मधोमध एक गाढव चरत होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिने ते डोळे भरून पाहिलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी ती मन मोकळं करून आली होती. मापं मोजायची, दोन शब्द ऐकायचे, बाबाच्या कबरीवर जाऊन सांगायचं आणि शनिवार त्यांच्या पदरात टाकून मोकळं व्हायचं. किंकासला तसं बोललीही होती.

गाव जमलं होतं. कर्नलला खुर्चीसकट खाली आणलं. अंगाचं चिपाड झालेलं, डोळे मात्र लख्ख. संत फ्रान्सिसने शब्द पाळला होता. मारियेताने दोन्ही मापं फरशीवर मांडली. ओतिलियाने बाबाचं शिवलेलं माप पिठाने भरलं आणि लहान मापात ओतलं. पीठ काठावरून ओघळून गवतावर सांडलं. पुन्हा भरून मोठ्यात ओतलं. वर तीन बोटं जागा राहिली.

"बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?" कर्नल म्हणाला. "तुझ्या बापाचं माप खरं होतं."

"तेव्हा माहीत होतं?"

म्हातारा हसला. "मला एकट्यालाच? अगं, या सगळ्यांना माहीत होतं. विचार की. तुझा बाप शीग देऊन माझं दुकान बसवत होता. गाव माझं, मी फोडलं माप. त्यात एवढं काय?" मग जरा दम खाऊन म्हणाला, "आणि तुझ्या रश्शात मीठ कमी असतं."

चोर तो चोर आणि वर शिरजोर. पण ओतिलियाला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्याकडून तिने वेगळं काही धरलंच नव्हतं. ती बघत होती भोवतालच्या तोंडांकडे. या एवढ्या गर्दीत एकाला तरी धक्का बसावा, एकाने तरी डोक्यावरची टोपी काढावी, एखाद्या म्हातारीने ‘अरेरे’ म्हणावं. कुणी म्हटलं नाही. खोगीरवाला पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. ज्याने त्या दिवशी ढोल बडवला होता, तो म्हातारा ढोलवाला कान खाजवत होता. सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हाही, आजही. आणि बेल्मिरोला फिरवलं त्याच्या पुढच्याच शनिवारी हे सगळे मूग गिळून कर्नलच्या दुकानात पिठाच्या रांगेत उभे राहिले होते.

"झालं ते झालं, दोना ओतिलिया," एक बाई गोड आवाजात म्हणाली. "शनिवार मिळाला ना आम्हाला? मग आता सोडा तुम्हीही."

सोडा म्हणे. ओतिलियाने माप उचललं, झग्याच्या टोकाने पुसलं.

"मी शब्द पाळला, कोमाद्रे," मारियेता म्हणाली.

"मीही पाळीन. जाळासमोर बोललेय."

परतताना ट्रक किंकास चालवत होता, ती शेजारी बसली होती. माप मांडीवर होतं. किंकासने विचारलं, "झालं समाधान?"

"नगरपालिकेची बैठक कधी आहे?"

"सोमवारी. का गं?"

"बाजाराचा वार ठरवायचाय. शनिवार तर दिला त्यांना."

"मग रविवार?"

"रविवार देवाचा." ओतिलियाने बाहेर पाहिलं. "शुक्रवारी भरवायचा."

किंकासने ट्रकचा वेग कमी केला. तांडे हाकण्यात जन्म गेलेला माणूस. शुक्रवारी पोती भरून घरी गेलेला गडी शनिवारी कुठे जातो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"ओतिलिया, जाळाच्या नावाने बोलली होतीस तू."

"मग? शनिवारी आपल्याकडे चिटपाखरू नसेल. त्यांचा शनिवार त्यांना लखलाभ."

"मेल्यावर ठिणगी होऊन माळावर फिरशील."

"फिरेन की. सेर्रा कालादावरून फिरेन," ती म्हणाली. "आणि एकट्या कर्नलसाठी नाही रे. माझं त्याच्याशी आज संपलं. आता ज्यांनी टोपी काढली नाही त्यांचं आहे."

पहिला शुक्रवार असा भरला की चौक पुरला नाही. चारी डोंगरांवरून माणसं आली. सेर्रा कालादाचीही आली. खोगीरवाला आला, ढोलवाला आला, ती गोड आवाजाची बाई पिशवी घेऊन आली आणि ओतिलियाने तिला स्वतःच्या हाताने पीठ मोजून दिलं, शिगेने, देवाचं देवाला. बाई खूश झाली. उद्याच्या बाजाराचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

संध्याकाळी ट्रक भरभरून गेले. ओतिलियाने चुलीवरचं भांडं उघडलं, पळीने रस्सा ढवळून जिभेवर घेतला आणि वरून चिमूटभर मीठ घातलं.

"गरम आहे तोवरच पाज," ती तोमाझियाला म्हणाली. "आणि त्याला लवकर निजव. उद्या सकाळी गच्चीत बसायचंय त्याला."